डिझेलची टाकी : आधी कागदावर, मग जमिनीवर

रस्त्याच्या कामाची छावणी असो, खडी क्रशर असो, साखर कारखान्याचे आवार असो की एखाद्या रुग्णालयाची मागील बाजू. डिझेलची टाकी बहुतेक ठिकाणी एकाच थाटात उभी असलेली दिसते. विटांच्या दोन खांबांवर आडवी ठेवलेली, चंदेरी रंग दिलेली लोखंडी टाकी. बाजूला तेलाची पातळी दाखवणारी पारदर्शक प्लास्टिकची नळी. खाली एक तोटी आणि तोटीखाली थेंब झेलण्यासाठी कापलेला पत्र्याचा डबा. डब्याभोवतीची माती काळी पडलेली. टाकी केवढी आहे, तेल कोणत्या भावाने आले, ते किती दिवस पुरेल, या प्रश्नांची उत्तरे तेथील मुकादमापासून मालकापर्यंत सर्वांना तोंडपाठ असतात. मात्र ही टाकी आज रात्री फुटली तर त्यातील तेल कोणत्या दिशेने जाईल, हा प्रश्न विचारला तर सहसा उत्तर मिळत नाही.

जमिनीवरील इंधन साठवण टाकीचे नियोजन वस्तुतः याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवे. टाकीची खरेदी हा त्यातील तुलनेने सोपा भाग आहे. जागा, पाया, भिंत, नळ्या, भरण्याची पद्धत आणि गळती झाल्यास पहिल्या पाच मिनिटांत कोणी काय करावयाचे, हे सर्व सिमेंटची पहिली गोणी फुटण्यापूर्वी कागदावर ठरलेले असले पाहिजे. नंतर सुचलेली सुधारणा महाग पडते आणि पुष्कळदा ती करताच येत नाही. चुकीच्या जागी बांधलेला पाया उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

'डिझेल पेटत नाही' हा गैरसमज

पेट्रोलची जी भीती वाटते ती डिझेलची वाटत नाही. जळती काडी डिझेलमध्ये विझते, असे सांगणारे जुने चालक सर्वत्र भेटतात. ही समजूत किती धोकादायक आहे, हे समजण्यासाठी इंधनाचा प्रदीपनांक म्हणजेच फ्लॅश पॉइंट लक्षात घ्यावा लागतो. ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ जमते, ते हे तापमान. पेट्रोलच्या बाबतीत ते शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस असते. म्हणजे आपल्याकडे पेट्रोल बाराही महिने पेटण्याच्या अवस्थेत असते. डिझेलसाठी भारतीय मानकाने हा अंक किमान ३५ अंश ठरवून दिला आहे. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा त्याहून अधिक भरतो; पण मानकाने दिलेली हमी ३५ अंशांचीच आहे.

चंद्रपूर, नागपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात सावलीतील तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी टाकीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. अशा दुपारी टाकीच्या रिकाम्या भागात पेटण्याजोगी वाफ असू शकते, असे गृहीत धरूनच चालले पाहिजे.

याहून मोठा धोका 'रिकाम्या' टाकीचा आहे. तेल काढून घेतलेल्या टाकीच्या तळाशी व सांध्यांमध्ये थोडे तेल, गाळ आणि वाफ शिल्लक राहते. अशा टाकीवर किंवा पिंपावर वेल्डिंगची ज्योत लागली की उष्णतेने उरलेल्या तेलाची वाफ होते, ती आतील हवेत मिसळते आणि बंद भांड्यात स्फोट होतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी या बाबतीत अधिक घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा या दोहोंना जागा असते. त्यामुळे वापरलेल्या टाकीला नवा पाइप जोडावयाचा असेल तर ती पूर्ण साफ करून, वाफमुक्त करून, वायुमापकाने तपासल्याखेरीज वेल्डरला हात लावू देता कामा नये. टाकीत माणूस उतरवावयाचा असेल तर प्राणवायूचे प्रमाणही तपासावे लागते. नियोजनाच्या टप्प्यावरच आवश्यक त्या सर्व जोडण्या आणि मनुष्यछिद्र टाकीला ठेवून घेतले, तर पुढे ही वेळच येत नाही.

टाकी केवढी हवी?

कायद्याच्या दृष्टीने इंधनाचे वर्ग फ्लॅश पॉइंटवरून ठरतात. २३ अंशांखालील द्रव 'अ' वर्गात, २३ ते ६५ अंशांमधील 'ब' वर्गात आणि ६५ ते ९३ अंशांमधील 'क' वर्गात मोडतात. पेट्रोल 'अ' वर्गात, तर डिझेल व रॉकेल 'ब' वर्गात येतात.

पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार 'ब' वर्गाचे इंधन एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि प्रत्येकी १,००० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या भांड्यांत ठेवल्यास साठवणुकीचा परवाना लागत नाही. जनित्रांसाठी बाजारात ९९० लिटरची टाकी सर्रास मिळते, त्यामागे हीच मर्यादा आहे. मात्र अनेकांची येथेच फसगत होते. ९९० लिटरच्या दोन टाक्या मिळून १,९८० लिटर होतात आणि मर्यादेत बसतात. तिसरी टाकी शेजारी आणून ठेवली की एकूण साठा २,९७० लिटर होतो आणि प्रत्येक टाकी लहान असूनही परवाना बंधनकारक ठरतो. शिवाय परवाना लागत नाही याचा अर्थ काळजी लागत नाही असा नव्हे. अग्निशमन, पर्यावरण व स्थानिक बांधकामविषयक नियम लहान टाकीलाही लागू असू शकतात.

या मर्यादेपलीकडील साठ्यासाठी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना अर्थात 'पेसो' या केंद्रीय यंत्रणेचे नियम लागू होतात. या संघटनेचे मुख्यालय महाराष्ट्रात, नागपूर येथे आहे. येथे क्रम महत्त्वाचा आहे. पेट्रोलियम नियम, २००२ प्रमाणे जागेचा व बांधकामाचा नकाशा आधी मंजूर करून घ्यावयाचा, जिल्हा प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळवावयाचे, मग बांधकाम व चाचण्या करावयाच्या आणि परवाना हाती आल्यावरच तेल भरावयाचे. जिल्हा प्राधिकारी म्हणजे पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस आयुक्तालय आणि अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी. टाकी बसवून झाल्यावर 'आता परवान्याचे बघू' म्हणणाऱ्यांच्या नकाशात सुरक्षित अंतरे बसत नाहीत आणि सारे बांधकाम पुन्हा करण्याची पाळी येते. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्याने अर्जापूर्वी चालू तरतुदी तपासणे इष्ट.

मुळात एवढा साठा हवा का, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. तेल कंपन्यांनी २०१८ मध्ये पुण्यातून सुरुवात करून फिरत्या वाहनातून डिझेल थेट जागेवर पुरवण्याची सोय उपलब्ध केली. रोजचा खप, पुरवठ्यातील कमाल खंड आणि त्यावर थोडी शिल्लक, एवढा हिशेब मांडला तर अनेक लहान उद्योगांची गरज त्यांना वाटते त्यापेक्षा लहान टाकीत भागते. जे तेल जागेवर नाही, त्याची गळती होत नाही.

जागेची निवड

जागा निवडताना सर्वप्रथम उतार पाहावा. टाकीच्या जागेवर बादलीभर पाणी ओतले तर ते कोणीकडे वाहते, एवढा साधा प्रयोगही पुष्कळ सांगून जातो. ते विहिरीकडे, नाल्याकडे, कामगारांच्या झोपड्यांकडे किंवा भट्टीकडे वाहत असेल, तर ती जागा सोडावी. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात भूजल भेगांमधून वाहते. भेगेत शिरलेले तेल कोणत्या विहिरीत वर येईल याचा अंदाज बांधणे कठीण असते, आणि एकदा विहिरीला डिझेलचा वास लागला की उपसा करूनही तो लवकर जात नाही. वस्तीची तहान ज्या विहिरीवर भागते तिच्या जवळ टाकी ठेवणे म्हणूनच परवडणारे नाही.

त्यानंतर वर पाहावे. विजेच्या तारा टाकीवरून जाता कामा नयेत. मग आजूबाजूला पाहावे. हद्दीपासून, इमारतींपासून, जनित्रापासून, वेल्डिंगच्या जागेपासून व स्वयंपाकाच्या चुलीपासून किती अंतर राखावयाचे ते इंधनाचा वर्ग आणि टाकीची क्षमता यांवर ठरते, आणि मंजूर नकाशात ते दाखवावे लागते. तळघरात किंवा जिन्याखाली डिझेलचा साठा करणे तर सर्वथा टाळावे. तेथे लागलेल्या आगीचा धूर त्याच जिन्याने वर चढतो, ज्याने माणसांना खाली यावयाचे असते.

तेल घेऊन येणारा टँकर आत कसा येणार व बाहेर कसा जाणार, हेही नकाशावर आखून पाहावे. तेल उतरवताना काही गडबड झाली तर टँकर मागे न घेता सरळ पुढे निघून जाता आला पाहिजे. अग्निशमन दलाच्या गाडीला किमान दोन बाजूंनी पोहोचता आले पाहिजे. क्रशरवर किंवा छावणीवर डंपर आणि लोडर सतत फिरत असतात. त्यांचा धक्का लागू नये म्हणून वाहनांच्या बाजूला काँक्रीटमध्ये रोवलेले लोखंडी खांब हवेत. केवळ चुन्याची पांढरी रेघ डंपरला अडवीत नाही.

पाया आणि काळी जमीन

२०,००० लिटर क्षमतेची आडवी टाकी उदाहरणादाखल घेऊ. दोन मीटर व्यास आणि साधारण ६.४ मीटर लांबी असलेली ही टाकी ६ मिलिमीटर पत्र्याची असेल तर तिचे स्वतःचे वजन सव्वादोन ते अडीच टन भरते. त्यात पूर्ण डिझेल भरल्यास सुमारे साडेसोळा टनांची भर पडते. पण पायाचा हिशेब डिझेलवर करून चालत नाही. वापरापूर्वी टाकी पाण्याने भरून तपासावी लागते आणि पाणी डिझेलपेक्षा जड असते. म्हणजे पाया किमान साडेबावीस टनांचा भार सुखाने पेलणारा हवा, आणि हा भार दोन आधारांवरच येणार आहे.

मराठवाडा, विदर्भ व पश्चिम महाराष्ट्रात पसरलेली काळी जमीन या कामी अवघड असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर वरवर रचलेले विटांचे खांब एक-दोन वर्षांत कमी-अधिक खचतात. टाकी कलते, नळ्यांच्या जोडांवर ताण येतो आणि गळती जोडापासून सुरू होते. काळी माती काढून घट्ट मुरूम किंवा खडकापर्यंत जाणे, दाबून भराव करणे आणि त्यावर लोखंडी सळ्यांचे काँक्रीट घालणे, हाच मार्ग आहे. हे काम स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावे.

पाया खचला तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण रशियात घडले. उत्तर ध्रुववृत्तापलीकडील नोरिल्स्क शहरातील औष्णिक वीज केंद्राची डिझेल टाकी २९ मे २०२० रोजी फुटली आणि २०,००० टनांहून अधिक डिझेल बाहेर पडून बराचसा भाग नद्यांत गेला. वर्षानुवर्षे गोठलेली जमीन वितळून टाकीखालील आधार खचले, असे कारण कंपनीने दिले. सरकारी तपासात देखभालीतील उणिवांवरही बोट ठेवण्यात आले. तेथे बर्फाची जमीन होती, येथे काळी माती आहे. ऋतूबरोबर हलणाऱ्या जमिनीवर टाकी ठेवल्यास तिच्या पायाकडे दरवर्षी पाहावे लागते, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

जुनी टाकी स्वस्त पडते का?

बंद पडलेल्या कारखान्यांच्या भंगारात जुन्या टाक्या मिळतात आणि किंमत पाहून मोह होतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फ्लोरेफ या गावी अशीच एक मोठी टाकी उभारण्यात आली होती. सुमारे ४० वर्षे जुने पोलाद, दुसऱ्या ठिकाणाहून सुटे करून आणलेले आणि पुन्हा जोडलेले. संपूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून तिची चाचणी घेण्यात आली नव्हती. २ जानेवारी १९८८ रोजी ही टाकी डिझेलने भरली जात असताना एकाएकी उभी चिरली. तिच्यातील सुमारे ३८ लाख गॅलन तेलापैकी १० लाख गॅलनच्या आसपास तेल भिंत ओलांडून नदीला मिळाले आणि नदीकाठच्या सुमारे १० लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत दूषित झाला.

टाकी नवी असो वा जुनी, ती मानकानुसार आहे याचे प्रमाणपत्र मागितले पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोने आडव्या दंडगोल टाक्यांसाठी आयएस १०९८७ आणि उभ्या टाक्यांसाठी आयएस ८०३ ही मानके घालून दिली आहेत. जागेवर बसवल्यानंतर पाणी भरून केलेली चाचणी टाळता कामा नये. या चाचणीत गळती तर दिसतेच, शिवाय पाया किती बसतो हेही कळते. टाकी पाण्याने भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर दोन्ही टोकांची पातळी मोजून नोंदवून ठेवावी. तेलाऐवजी पाणी सांडले तर नुकसान फक्त पाण्याचे होते.

भिंत किती उंच?

टाकीभोवतीची बंदिस्त भिंत, जिला कामावरची माणसे 'डाइक वॉल' म्हणतात, ती गळती झालीच तर तेल आत अडवून धरण्यासाठी असते. तिच्या आत सर्वांत मोठ्या टाकीतील सगळे तेल मावले पाहिजे आणि वर पावसाच्या पाण्यासाठी जागा उरली पाहिजे, हे तत्त्व. इंग्लंडमध्ये यासाठी टाकीच्या क्षमतेच्या ११० टक्के हे प्रमाण नियमातच आहे.

आपल्या उदाहरणातील टाकीभोवती आतून ९ मीटर लांब व ४ मीटर रुंद जागा सोडली, तर क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर होते. २०,००० लिटर म्हणजे २० घनमीटर. ठेकेदार भागाकार करून सांगेल की ६० सेंटीमीटर उंच भिंत बांधली तरी २१.६ घनमीटर मावते, काम झाले. कोरड्या दिवसात त्याचे म्हणणे खरे आहे. पण कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नव्हे. तेवढ्या पावसाचे ३.६ घनमीटर पाणी भिंतीच्या आत साचते आणि तेलासाठी १८ घनमीटरच जागा उरते. त्या दिवशी टाकी फुटली तर दोन हजार लिटर तेल भिंतीवरून वाहणार. भिंत एक मीटर उंच घेतली तर क्षमता ३६ घनमीटर होते. तरीही २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत नोंदला गेलेला ९४४ मिलिमीटर पाऊस त्या भिंतीत पडला असता, तर पाण्याने ती जवळजवळ काठोकाठ भरली असती.

म्हणून भिंतीबरोबर आणखी तीन गोष्टी लागतात. पहिली, शक्य तेथे टाकीवर उंच, चारी बाजूंनी मोकळे पत्र्याचे छप्पर. त्यामुळे पाऊस आत पडत नाही आणि उन्हाळ्यात टाकीही कमी तापते. दुसरी, साचलेले पाणी काढण्यासाठी भिंतीतून नळी आणि तिचा व्हॉल्व्ह भिंतीच्या बाहेर. हा व्हॉल्व्ह एरवी कायम बंद व कुलूपबंद असावा. पाण्यावर तेलाचा तवंग नाही हे पाहूनच तो उघडावा, पाणी गेल्यावर लगेच बंद करावा आणि तशी नोंद करावी. उघडा राहिलेला हा एक व्हॉल्व्ह संपूर्ण भिंत निरुपयोगी करून टाकतो. तिसरी गोष्ट भिंतीच्या आतील जमिनीची. ती माती किंवा खडीची असेल तर तेल खाली मुरते आणि भिंतीचा उपयोग अर्ध्यावर येतो. तळ काँक्रीटचा व एका कोपऱ्याकडे किंचित उताराचा हवा. भिंतीला भगदाड पाडून नळ्या नेल्या असतील तर त्यांच्या भोवतीची फट पक्की बुजवलेली असावी.

नदीकाठच्या जागांना आणखी एक धोका असतो. टाकी रिकामी असताना पुराचे पाणी चढले तर ती होडीसारखी तरंगते. वरील टाकी रिकामी असेल, तर तळापासून जेमतेम ४० सेंटीमीटर पाणी चढताच ती आधारावरून उचलली जाऊ शकते. नळ्या तुटतात आणि उरलेले तेल पुरात मिसळते. सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये आणि महाड-चिपळूणने २०२१ मध्ये पाहिलेले पूर लक्षात घेता, अशा भागात टाकी पट्ट्यांनी पायाला जखडलेली असणे व पायाची उंची पूररेषेच्या वर ठेवणे आवश्यक आहे.

नळ्या, व्हॉल्व्ह आणि टाकीचा 'श्वास'

लेखाच्या आरंभी उल्लेखलेली पारदर्शक प्लास्टिकची नळी हा अनेक टाक्यांचा सर्वांत कच्चा दुवा आहे. उन्हाने ती ठिसूळ होते, फावड्याचा धक्का लागला तरी तुटते आणि आगीत काही क्षणांत वितळते. ती तळाशी जोडलेली असल्याने तुटल्यावर संपूर्ण टाकी रिकामी होते. त्याऐवजी वरून घालावयाची मापपट्टी किंवा यांत्रिक पातळीदर्शक वापरावा. तेल नेणाऱ्या नळ्या पोलादाच्या असाव्यात आणि पहिला व्हॉल्व्ह टाकीच्या अंगाला लागूनच असावा. टाकी यंत्रापेक्षा उंचावर असेल तर नळी फुटल्यावर तेल आपोआप ओढले जाऊन वाहत राहते. हा वक्रनलिकेचा, म्हणजे सायफनचा, प्रवाह तोडणारा व्हॉल्व्ह नळीवर बसवून घ्यावा.

टाकीला श्वासही घ्यावा लागतो. तेल भरताना आतील हवा व वाफ बाहेर पडते, तेल काढताना बाहेरची हवा आत जाते. यासाठीची नळी उंच, मोकळ्या हवेत उघडणारी, पाऊस आत जाणार नाही अशी वळवलेली आणि तोंडाशी बारीक जाळी असलेली हवी. पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची युक्ती काही ठिकाणी दिसते. पंपाने तेल ओढताच आत निर्वात पोकळी होऊन टाकी पत्र्याच्या डब्यासारखी चेपली जाऊ शकते, हे त्या युक्तिबाजांना ठाऊक नसते. याखेरीज बाहेरून आग लागल्यास आतील वाफेचा दाब झपाट्याने मोकळा करणारी वेगळी व्यवस्थाही टाकीवर असावी लागते.

तेल भरताना

११ डिसेंबर २००५ च्या पहाटे इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील तेल डेपोतील एका टाकीत पाइपलाइनमधून पेट्रोल भरले जात होते. पातळी दाखवणारा काटा अडकला होता. टाकी भरत होती, पण नियंत्रण कक्षातील पडद्यावर आकडा स्थिर होता. काटा बिघडला तरी टाकी भरल्यावर पुरवठा बंद करणारे दुसरे स्वतंत्र बटण होते. मात्र त्याची चाचणीची दांडी योग्य जागी धरून ठेवणारे साधे कुलूप लावलेले नव्हते आणि त्यामुळे तेही निकामी होते. सुमारे अडीच लाख लिटर पेट्रोल वरून सांडले, वाफेचा ढग पसरला आणि सकाळी ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. रविवारची पहाट असल्याने जीवितहानी टळली, तरी ४० हून अधिक लोक जखमी झाले व २० हून अधिक टाक्या जळाल्या.

लहान टाकीलाही हाच नियम लागू पडतो. टँकर जोडण्यापूर्वी मापपट्टीने टाकीतील तेल मोजावे, किती जागा आहे हे लिहावे आणि तेवढेच तेल घ्यावे. टाकी ९५ टक्क्यांपेक्षा अधिक भरू नये. डिझेल तापल्यावर प्रसरण पावते. २०,००० लिटर तेलाचे तापमान २० अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान सुमारे ३३० लिटरने वाढते. पहाटे काठोकाठ भरलेली टाकी दुपारी सांडते, ती यामुळे. पातळी ठराविक उंचीवर जाताच वाजणारी घंटा बसवावी आणि ती दर महिन्याला वाजवून पाहावी.

नळीतून वाहणारे तेल स्थिर विद्युत निर्माण करते. टँकर आणि टाकी तारेने जोडून, टाकीला स्वतंत्र अर्थिंग देऊन ती निघून जाऊ द्यावी लागते. अर्थिंगचा रोध पावसाळ्यापूर्वी व कोरड्या ऋतूत मोजून घ्यावा. भरणे सुरू असताना चालकाने आणि टाकीच्या जबाबदार माणसाने जागा सोडू नये. चहाला जाण्याची वेळ ही नव्हे.

पहिली पाच मिनिटे

२९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतील तेल डेपोत पेट्रोलची गळती सुरू झाली. ती थांबवण्यासाठी गेलेल्यांना वाफेने घेरले आणि तासाहून अधिक काळ गळती बंद करता आली नाही. त्यानंतर झालेल्या स्फोटात ११ जणांचा मृत्यू झाला आणि आग ११ दिवस जळत राहिली. गळतीच्या जागी न जाता दुरून बंद करता येणारा व्हॉल्व्ह का हवा, हे या घटनेने दाखवून दिले. लहान टाकीसाठी महाग यंत्रणेची गरज नाही. पंपाचा वीजपुरवठा तोडणारे तांबडे बटण भिंतीपासून पुरेशा अंतरावर, सर्वांना दिसेल असे असले तरी बराच धोका टळतो.

वीज पडण्याचा धोकाही गृहीत धरावा लागतो. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबई बंदरातील जवाहर द्वीपावर डिझेलच्या टाकीला वीज पडून लागलेली आग विझण्यास काही दिवस लागले. उघड्या माळावरील टाकीला वीजरोधक यंत्रणा आणि योग्य अर्थिंग दोन्ही हवीत.

तेलाच्या आगीवर पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास तेल उसळून आग पसरते. त्यासाठी फेस आणि कोरड्या रासायनिक भुकटीची अग्निशामके, तसेच वाळूच्या बादल्या लागतात. ही साधने टाकीला चिकटून न ठेवता अशा ठिकाणी ठेवावीत, की आग लागल्यावरही तेथे पोहोचता यावे. सांडलेले तेल शोषण्यासाठी भुसा किंवा वाळूचा साठा कोरडा राहील असा ठेवावा. राज्यात २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू असल्याने स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्यास नकाशा आधीच दाखवणे हिताचे ठरते. गाडी कोणत्या रस्त्याने आणावयाची हे आग लागल्यावर शोधत बसावे लागत नाही.

जबाबदार माणूस एक

टाकी बसली, परवाना मिळाला, तेल भरले, की नियोजन संपले असे मानले जाते. प्रत्यक्षात तेथून पुढे रोजचे काम सुरू होते. दररोज सकाळी मापपट्टीने साठा मोजून काल दिलेल्या तेलाशी ताळा जमवणे, हा गळती ओळखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दिवसाला पाच लिटरची तूट डोळ्यांना दिसत नाही, वहीत मात्र महिनाभरात दीडशे लिटर दिसतात. तळाशी साचणारे पाणी वेळोवेळी काढावे, कारण पत्रा आतून गंजतो तो बहुधा तळाशी. रंगाचे पोपडे, आधाराजवळचा गंज, भिंतीतील भेगा आणि कलणारे खांब यांची पाहणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर व्हावी.

ही सर्व कामे एका ठराविक माणसाच्या नावावर असली पाहिजेत आणि तो रजेवर असेल तेव्हा दुसऱ्याच्या. 'सगळ्यांचे लक्ष असते' असे जेथे सांगितले जाते, तेथे तोटीखालचा डबा भरून वाहत असतो आणि तो कोणी रिकामा करावयाचा हे ठरलेले नसते.

टाकी बसवण्यापूर्वी मालकाने किमान एवढ्या प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत :

* रोजचा खप किती आणि त्यासाठी साठा नेमका केवढा हवा?
* एकूण साठ्याला परवाना लागतो का, आणि नकाशा मंजूर झाला आहे का?
* टाकी फुटली तर तेल कोठे जाईल? जवळची विहीर, नाला व वस्ती कोठे आहे?
* पाया पाण्याने भरलेल्या टाकीचे वजन पेलेल का?
* मोठ्या पावसानंतरही भिंतीत सगळे तेल मावेल का, आणि तिच्या व्हॉल्व्हची किल्ली कोणाकडे आहे?
* तेल भरताना कोण उभे राहणार, आणि गळती झाल्यास पुरवठा कोठून बंद करणार?

सहाही उत्तरे कागदावर आली, म्हणजे टाकीची ऑर्डर देण्यास हरकत नाही.